कुलूप परक्याचे, दुकान आमचे!

खाते गोठणे म्हणजे काय, हे पेणकरांना कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. २०१० साली रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध घातले आणि हजारो ठेवीदारांचा घामाचा पैसा एका दिवसात त्यांच्या हाताबाहेर गेला. मुलीच्या लग्नाची पुंजी, निवृत्तीनंतर मिळालेली रक्कम, गणपतीच्या कारखान्याचे भांडवल, सारे पासबुकात लिहिलेले होते आणि हातात मात्र दमडी येत नव्हती. पुढे मोर्चे निघाले, निवेदने गेली, न्यायालयांच्या पायऱ्या झिजल्या. त्या प्रकरणात ठेवीदारांनी किती सोसले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. परंतु त्या दुर्दैवी ठेवीदारांपाशीही एक गोष्ट होती. जाब विचारण्यासाठी त्यांना दार होते. बँकेला इमारत होती, संचालकांना नावे होती, वर सहकार खाते होते, त्याच्या वर रिझर्व्ह बँक होती आणि या सर्वांच्या वर न्यायालय होते.

आज त्याच पेण-रोह्याच्या परिसरात एका निराळ्याच जातीच्या खात्यावर माणसांची पोटे चालू लागली आहेत, आणि ते खाते गोठले तर ठोठावण्यास दारच सापडत नाही! व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम या समाजमाध्यमांवरील खात्यांविषयी आम्ही बोलत आहोत. हा पोरासोरांच्या करमणुकीचा विषय आहे, वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर त्याचे काय काम, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी एकवार पेणहून हमरापूर आणि जोह्याच्या कारखान्यांत फेरी मारावी. तेथे साच्यातून मूर्ती निघते, ती वाळते, तिच्यावर रंग चढतो, निष्णात कारागिराच्या हातून डोळ्यांची आखणी होते. पण मुंबईच्या व्यापाऱ्याने, पुण्याच्या मंडळाने किंवा सातासमुद्रापलीकडील मराठी कुटुंबाने ती मूर्ती पसंत केलेली असते ती भ्रमणध्वनीवर आलेल्या छायाचित्रावरून. मागणी तेथेच नोंदली जाते, विसाराचा निरोप तेथेच येतो. पेणच्या पापड-पोह्यांची गिऱ्हाइके आज त्याच मार्गाने येतात. रोहे तालुक्यात कोलाडला कुंडलिकेच्या प्रवाहात तराफ्यांचा खेळ करविणारे आणि पाहुण्यांची राहण्याजेवणाची सोय करणारे, यांचीही गिऱ्हाइके तेथूनच येतात. ज्याला आपण ‘खाते’ म्हणतो ती या मंडळींच्या दुकानाची पाटी आहे, गल्ला आहे आणि गिऱ्हाइकांची वहीसुद्धा आहे.

अशा दुकानाला एका सकाळी बाहेरून कुलूप लागते. नियमभंग झाल्याचे दोन ओळींत कळविले जाते. कोणता नियम, कोणत्या दिवशी, कोणत्या संदेशाने मोडला, याचा त्यात पुष्कळदा पत्ता नसतो. फेरविचाराची विनंती करण्यासाठी एक कळ दिलेली असते. ती दाबली की काही काळाने उत्तर येते: विचार केला, निर्णय कायम! विचार कोणी केला, माणसाने की यंत्राने, हे विचारण्याची सोय नाही. दाद ना फिर्याद, अशी ही अवस्था आहे.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. फसवणूक करणाऱ्या टोळ्या या माध्यमांतून मोकाट सुटल्या आहेत, आणि त्यांना आवर घातला नाही तर याच कंपन्यांना आपण दोष देऊ. व्हॉट्सॲपने एकट्या नोव्हेंबर २०२३ या महिन्यात भारतातील ७१ लाखांहून अधिक खाती बंद केली. त्यांपैकी १९ लाखांहून अधिक खाती तर कोणाही वापरकर्त्याची तक्रार येण्याआधीच बंद केलेली होती. या लाखोंत भामट्यांची संख्या मोठी असणार, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु महिन्याला लाखो खाती माणसाच्या नजरेखालून जाऊ शकत नाहीत. ती यंत्राच्या चाळणीतून जातात, आणि यंत्राला वर्तन दिसते, हेतू दिसत नाही. नव्या हंगामाच्या मूर्तींची छायाचित्रे एकाच दिवशी चारपाचशे जणांना पाठविणारा मूर्तिकार आणि खोट्या गुंतवणुकीचे आमिष तितक्याच जणांना पाठविणारा ठग, हे दोघेही या चाळणीला सारखेच दिसू शकतात. त्यातून चार गिऱ्हाइकांनी कंटाळून तक्रारीची कळ दाबली, किंवा एखाद्या हितशत्रूने चार जणांकडून ती दाबविली, की संशय पक्का होतो. ठगाचे नुकसान काहीच होत नाही. तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्या क्रमांकावरून उभा राहतो. मूर्तिकाराचा क्रमांक मात्र वीस वर्षांच्या गिऱ्हाइकांपाशी लिहिलेला असतो. त्याने तो बदलायचा कसा? चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपल्या पूर्वजांनी यंत्रयुगाच्या कितीतरी आधी रचली, पण तिचा असा तंतोतंत प्रत्यय त्यांनाही आला नसेल.

या संकटाच्या पोटात दुसरे संकट दडलेले असते. खाते गेल्यामुळे भांबावलेला माणूस कंपनीचा दूरध्वनी क्रमांक शोधू लागतो, आणि ‘खाते परत मिळवून देतो’ असे सांगणारे भामटे त्याची वाटच पाहत असतात. ते आधी शुल्क मागतात, मग भ्रमणध्वनीवर आलेला सांकेतिक अंक मागतात, आणि खात्याबरोबर बँकेतली शिल्लकही घेऊन जातात. असा अंक मागणारा माणूस कोणत्याही कंपनीचा नसतो, ही गाठ प्रत्येकाने पदराला बांधावी. फसगत झालीच तर लाज न बाळगता, वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेथे गेलेली घटका पैशाच्या रूपाने भरावी लागते.

मग कायदा काय करतो? ऑक्टोबर २०२५ मध्ये हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. रुग्णांशी वर्षानुवर्षे ज्या खात्यावरून संपर्क ठेवला ते व्हॉट्सॲपने बंद केले, अशी एका वैद्यकीय व्यावसायिकाची तक्रार होती. न्यायमूर्तींनी विचारले की, व्हॉट्सॲप वापरणे हा मूलभूत हक्क आहे काय? दुसरी माध्यमे आहेत, ‘अराट्टाई’ नावाचे स्वदेशी माध्यमही आहे, ते वापरा. याचिका मागे घेण्यात आली. खाजगी कंपनीविरुद्ध थेट मूलभूत हक्काची याचिका चालत नाही, हे कायद्याच्या दृष्टीने योग्यच असेल. पण व्यवहाराचे काय? दुकानदार दुसऱ्या पेठेत जाऊ शकतो, सारी गिऱ्हाइके त्याच्यामागून त्या पेठेत येत नाहीत. त्यातही आपल्याकडच्या तीन मोठ्या पेठा, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप, एकाच ‘मेटा’ कंपनीच्या मालकीच्या आहेत.

शिवाय मूलभूत हक्क नसला म्हणजे कसलाच हक्क नाही, असा अर्थ आपल्या कायद्याने कधीही केलेला नाही. वीज मिळणे हा काही राज्यघटनेने शब्दांत लिहिलेला मूलभूत हक्क नव्हे. तरीही बिल थकले म्हणून कोणाची वीज तोडावयाची असेल, तर २००३ च्या वीज कायद्याच्या ५६ व्या कलमाप्रमाणे पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ज्याने पैसे थकविले त्यालासुद्धा पंधरा दिवस, आणि ज्याचा अपराध काय तेच ठाऊक नाही त्याला पंधरा मिनिटेही नाहीत, हा कोणता न्याय?

न्यायाचे बीज आपल्याकडे पेरलेलेच नाही, असेही नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या समाजमाध्यमांना, म्हणजे भारतात पन्नास लाखांहून अधिक नोंदलेले वापरकर्ते असणाऱ्यांना, भारतात राहणारा तक्रार अधिकारी नेमण्यास भाग पाडले. तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल १५ दिवसांत, असा दंडक त्या नियमांनी प्रथम घातला. एखादा मजकूर आपण होऊन काढावयाचा असेल तर आधी कारण कळवावे आणि म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी, असेही त्यांत आहे. खाते पुरतेच बंद करणे हा अखेरचा उपाय असला पाहिजे, अशी भूमिका केंद्र सरकारने मार्च २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्रावर मांडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमधील दुरुस्तीने नागरिकांच्या घटनादत्त हक्कांचा मान राखण्याचे बंधन कंपन्यांवर घातले आणि तक्रार अधिकाऱ्याच्या निर्णयावर तीस दिवसांत अपील करण्याची वाट मोकळी केली. त्यासाठीच्या तीन अपील समित्या १ मार्च २०२३ पासून काम करू लागल्या. अपील संगणकावरूनच करता येते, दिल्लीला हेलपाटा घालावा लागत नाही.

बीज चांगले आहे, पण ते रुजले कोठे? मजकूर काढण्याविषयी नियम जितके स्पष्ट बोलतात तितके खाते बंद करण्याविषयी बोलत नाहीत, आणि या फटीतून कंपन्या निसटतात. अपिलाची वाट आहे, पण तिच्यावरचा पहिला टप्पा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार हा आहे, हे किती मूर्तिकारांना ठाऊक आहे? बहुतेक जण कळ दाबून दमतात आणि नशिबाला बोल लावतात. ज्यांना वाट ठाऊक असते त्यांचेही तक्रारीत आणि अपिलात दीडदोन महिने सहज निघून जातात. आषाढात बंद झालेले खाते भाद्रपद सरल्यावर उघडले, तर त्या न्यायाचा मूर्तिकाराला उपयोग काय? विसर्जन आटोपल्यावर गणपतीची मागणी नोंदवायला कोण येणार? वरातीमागून आलेले हे घोडे!

बड्यांची गोष्ट निराळी असते. जानेवारी २०२१ मध्ये फेसबुकने अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांचे खाते बंद केले, तेव्हा कंपनीने स्वतःच नेमलेल्या देखरेख मंडळाने त्यावर विचार केला. बंदी योग्य, पण मुदत न सांगता घातलेली बेमुदत शिक्षा अयोग्य, असा निर्णय त्या मंडळाने मे महिन्यात दिला. पुढे मुदत ठरली, २०२३ साली खाते उघडले आणि २०२५ साली त्यांनी लावलेल्या दाव्यात कंपनीने अडीच कोटी डॉलर देऊन तडजोडही केली. शिक्षेला कारण हवे, मुदत हवी, हे तत्त्व जर अमेरिकेच्या अध्यक्षांच्या बाबतीत खरे असेल, तर ते हमरापूरच्या मूर्तिकाराच्या बाबतीत खोटे कसे ठरते? युरोपीय संघाने तर २०२२ च्या आपल्या कायद्यात हे तत्त्व सर्वांसाठी लिहून टाकले. खाते बंद केल्यास सकारण निवेदन द्यावे, तक्रारीचा निर्णय केवळ यंत्रावर सोडू नये आणि कंपनीबाहेरच्या तटस्थ यंत्रणेकडे जाण्याची मुभा असावी, असे तो कायदा सांगतो. याच कंपन्या तेथे मुकाट्याने धंदा करीत आहेत. युरोपात जे जमते ते भारतात का जमू नये?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. खाते बंद करणे ही बाब नियमांत स्पष्ट शब्दांनी घालावी. गंभीर गुन्ह्याचा संशय सोडून इतर सर्व प्रकरणांत आधी सूचना द्यावी, आणि ती वापरकर्त्याच्या भाषेत, म्हणजे येथे मराठीत द्यावी. पहिला निर्णय यंत्राने केला तरी फेरविचार माणसाने करावा आणि उत्तराखाली त्याचे नाव असावे. ज्या खात्यावर उपजीविका चालते त्याच्या तक्रारीचा निकाल हंगाम उलटण्याआधी, आठवड्याभरात लावावा. आणि तक्रारीचे व अपिलाचे कागद भरून देण्याची सोय पेण व रोहे येथील सेवा केंद्रांतून राज्य सरकारने करावी. सात-बाराचा उतारा जेथे मिळतो तेथे हेही काम झाले पाहिजे. यांत खर्च थोडा आहे, इच्छाशक्ती मात्र हवी.

मूर्तिकारांना आणि छोट्या व्यावसायिकांनाही दोन शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. गिऱ्हाइकांची नावे आणि क्रमांक कागदाच्या वहीत उतरून ठेवा. ज्यांनी मागितली नाहीत त्यांना छायाचित्रांचा रतीब घालू नका. खात्याला दुहेरी पडताळणीचे कुलूप लावा. भ्रमणध्वनीचा जुना क्रमांक सोडावयाचा असेल तर आधी खात्यावरचा क्रमांक बदला, कारण बंद पडलेला क्रमांक नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. कंपनीशी झालेल्या प्रत्येक निरोपाचे चित्र जपून ठेवा, अपिलात तोच पुरावा होतो. आणि आपल्या संघटनेमार्फत तक्रार करा. एकट्या कारागिराचे पत्र यंत्र गिळते, पाचशे जणांचे निवेदन गिळणे त्याला जड जाईल.

रोह्याचे सुपुत्र म्हणून ज्यांचा रायगडकरांना अभिमान वाटतो ते चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते. बँकांना शिस्त लावणारा १९४९ चा कायदा त्यांच्याच कारकिर्दीत अमलात आला. लोकांचा पैसा सांभाळणारा कोणीही असो, तो कायद्याच्या नजरेखाली असला पाहिजे, हे त्या कायद्यामागचे सूत्र होते. त्या नजरेत कसूर झाली की काय होते, ते पेणने भोगले. आज लोकांचा पैसा जसा खात्यात असतो, तसा त्यांचा नावलौकिक, त्यांची गिऱ्हाइके आणि त्यांची भाकरीही दुसऱ्या एका खात्यात असते. त्या खात्याच्या किल्ल्या ज्यांच्या कमरेला आहेत त्यांनी कारण सांगावे, ऐकून घ्यावे आणि वेळेत उत्तर द्यावे, इतकेच पेण-रोह्याचे मागणे आहे. गणरायाच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या हातांना आपला अपराध तरी डोळ्यांनी वाचता आला पाहिजे!