गुणगौरवानंतरचे काम

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये गुणगौरव समारंभ सुरू होतात. ट्रॉफी मिळते, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. कौतुक व्हायलाच हवे. पण हीच मुले-मुली पदवीच्या शेवटच्या वर्षाला पोहोचतात, तेव्हा ‘पुढे कुठे अर्ज केलास?’ असे विचारायला कोणी नसते.

अल्पसंख्याक समाजातील संशोधकांचा आधार असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद करत असल्याचे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत सांगितले. ती पुन्हा सुरू व्हावी, ही मागणी सनदशीर मार्गाने लावून धरलीच पाहिजे. मात्र जी दारे उघडी आहेत, ती आपण ठोठावतो का?

गेट्स केंब्रिज शिष्यवृत्तीचेच पाहा. २००० साली स्थापन झालेली ही शिष्यवृत्ती ब्रिटनबाहेरच्या कोणत्याही देशाच्या नागरिकाला केंब्रिज विद्यापीठातील पदव्युत्तर शिक्षणासाठी मिळू शकते. दरवर्षी सुमारे ८० जणांची निवड होते. शुल्क आणि राहण्याचा खर्च दोन्ही मिळतात. घरचे उत्पन्न हा निकष नाही. पाहिल्या जातात चार गोष्टी: बौद्धिक कुवत, तोच अभ्यासक्रम निवडण्यामागचे कारण, इतरांचे जीवन सुधारण्याची बांधिलकी आणि नेतृत्वक्षमता.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात रांग लावणे आपल्याला ठाऊक आहे. स्वतःच्या कामाबद्दल पानभर लिहिणे मात्र कोणी शिकवलेले नसते. मोहल्ल्यात अभ्यासिका चालवणारी, बायकांना रेशनकार्डाचे अर्ज भरून देणारी मुलगी त्याला ‘काम’ समजतच नाही. ते कामच आहे. काय केले, किती जणांसाठी, त्यातून काय बदलले, हे साध्या शब्दांत लिहा. गरिबीचे रडगाणे नको आणि फुशारकीही नको.

या शिष्यवृत्तीचा अर्ज केंब्रिजच्या प्रवेशअर्जातच भरायचा असतो. प्रवेश ऑक्टोबरचा असला, तरी मुदत अभ्यासक्रमानुसार आदल्या डिसेंबर-जानेवारीतच संपते. म्हणून शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना दिवाळीच्या आधीच भेटा. आधार, गुणपत्रिका आणि पासपोर्टवरील नावाचे स्पेलिंग आजच तपासा.

‘आपले नाव वाचूनच नाकारतील,’ असे अनेकजण म्हणतात. भेदभाव नाही, असे आम्ही म्हणणार नाही. पण अर्जच न करणे म्हणजे नकाराचे काम आपणच उरकून टाकणे. बहुतेक अर्ज नाकारले जातात, सगळ्यांचेच. मेहनत करून लिहिलेले निवेदन थोड्या बदलाने पुढच्या अर्जाला उपयोगी पडते.

१९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर एक तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. भीमराव आंबेडकरांच्या त्या शिक्षणाचे ऋण आज सारा देश वागवतो आहे.

मंडळांना आणि जमातींना आमची विनंती आहे: यंदा ट्रॉफी थोड्या कमी घ्या. त्या पैशांतून दोन मुला-मुलींची अर्जाची आणि इंग्रजी परीक्षेची फी भरा. मुलीच्या अब्बांशी बोलायला कोणीतरी जाणते माणूस घरी पाठवा. आणि तरुण मित्रमैत्रिणींनो, तुम्ही अर्ज भरा.