देव्हाऱ्यातल्या अन्नपूर्णा

मूर्तींमधल्या प्रतीकांवर कुणी बोलायला लागलं की गाडी लगेच चोळांच्या नटराजाकडे वळते. ज्वालांचं वर्तुळ, डमरू, पायाखालचा अपस्मार... सगळं खरं आहे. पण आपल्या घरातल्या बोटभर पितळी देवांबद्दल कुणी फारसं बोलत नाही. देवळातली मूर्ती लांबून बघायची असते, हे देव रोज हातात घ्यायचे, ताम्हनात न्हाऊ घालायचे. त्यांचा अर्थही मग तसाच, घरगुती.

अन्नपूर्णेचंच बघा ना. हातात शस्त्र नाही, पळी! लग्नात मुलगी गौरीहर पुजते तेव्हा ही तांदळात बसते आणि मग मुलीबरोबर सासरी जाते. म्हणजे कुलदैवताचे टाक बापाकडून मुलाकडे येतात, अन्नपूर्णा मात्र आईकडून लेकीकडे. आपल्या वंशावळीत बायकांची नावं शोधून सापडत नाहीत. पण जुन्या देव्हाऱ्यात तीन-चार अन्नपूर्णा दाटीवाटीने बसलेल्या दिसल्या, तर त्या घरात आलेल्या तीन-चार सुनांची ती नोंदच समजा. आमच्याकडे चार आहेत.

हे आठवायचं कारण, गावचं घर विकलं आणि देवांच्या वाटणीचा विषय निघाला. (भांडीकुंडी एका दुपारीत वाटून झाली होती!) अमेरिकेतल्या बहिणीला खंडोबाचा टाक हवाय. घोड्यावर देव आणि म्हाळसा, शेजारी कुत्रा, एवढं सगळं काडेपेटीएवढ्या चांदीच्या पत्र्यावर. पण तो पणजोबांच्याही आधीचा. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती आपल्याला देशाबाहेर नेता येत नाही, मग ती आपल्याच देव्हाऱ्यातली का असेना. माझ्या मते तिने आईची अन्नपूर्णा न्यावी. ती १९६८ ची, कायद्याची अडचण नाही. बहिणीचं लग्न तिकडे कोर्टात झालं, गौरीहर झालाच नव्हता. तिचं देणं राहिलंय आपल्याकडे. भाऊ म्हणतो, घरातली लक्ष्मी बाहेर जाईल. अरे, पण ती आलीच होती बाहेरून!

राहिला प्रश्न जुन्या वस्तूंच्या दुकानदाराचा. त्याने भाव सांगितला आणि वर म्हणाला, नाकडोळे पुसट झालेत, पुन्हा कोरून देतो, पॉलिशही करू. देव उजळून घेणं आपल्याकडे नवीन नाही, लग्नकार्याआधी लोक घेतातच. पण कोरणं वेगळं. सर्वांत जुन्या अन्नपूर्णेचा चेहरा आता गुळगुळीत आहे. पळी म्हणजे नुसता उंचवटा. तो चेहरा काही खराब झालेला नाही. चिंच आणि पाणी लावून रोज अंगठा फिरवणाऱ्या बायकांनी तो तसा केलाय, आणि त्यांच्यापैकी दोघींचे तर आमच्याकडे फोटोसुद्धा नाहीत. तिथे नवं नाक बसवून काय मिळवायचंय?

दुकानदाराला मी नाही म्हणून कळवलंय. ताई, तू येशील तेव्हा बॅगेत थोडी जागा ठेव. तांदूळ तिकडे मिळतात.