चाकणची गाडी, विलायतेचा माज

मंचरच्या चौकात किंवा आळेफाट्यावर केटीएमला टेकून उभ्या असलेल्या कुठल्याही पोराला विचारा, गाडी कुठली? "ऑस्ट्रियाची," तो मान वर करून सांगतो. ट्रायम्फ ४०० वाला "ब्रिटिश" म्हणतो. दोघंही खोटं बोलतात आणि मला या खोटेपणाची चीड येते. ही गाडी ज्या कारखान्यात बनली तो याच पुणे-नाशिक रस्त्यावरच्या चाकणला आहे, मंचरपासून तासाभराच्या आत. तिथल्या कारखान्यांत जुन्नर-आंबेगावची पोरं पहाटे उठून कामाला जातात. शेजारच्या आळीतल्या पोराने आवळलेले नटबोल्ट घेऊन फिरायचं आणि नाव मात्र युरोपचं सांगायचं, हा स्वतःच्या माणसांचा अपमान आहे.

बजाज ऑटोने २००७ साली केटीएममध्ये साडेचौदा टक्के हिस्सा घेतला. २०११ पासून केटीएमच्या छोट्या ड्यूक बजाजच्या चाकण कारखान्यातून युरोपात जाऊ लागल्या, २०१२ मध्ये ड्यूक २०० आपल्याकडे विक्रीला आली. जानेवारी २०२३ मध्ये चाकणच्या कारखान्यातून दहा लाखावी केटीएम बाहेर पडली. जुलै २०२३ मध्ये आलेली ट्रायम्फ स्पीड ४०० चाकणचीच, आणि इंग्लंडमधला माणूस ती विकत घेतो तेव्हा त्यालाही चाकणचीच मिळते. ट्रायम्फच्या मोठ्या गाड्या बहुतेक थायलंडमध्ये बनतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रियातल्या मॅटिगहोफेनची मूळ केटीएम कंपनी कर्जात बुडून कोर्टात गेली. तिला सावरायला २०२५ मध्ये ८० कोटी युरोंची सोय आकुर्डीच्या बजाजने केली आणि कंपनीचा ताबाही त्यांच्याकडे आला. ज्या देशाच्या नावाने आमचा पोरगा छाती फुगवतो, त्या देशातली कंपनी पिंपरी-चिंचवडच्या पैशावर तगली. हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि त्यानेही कधी विचारलं नाही.

आधीच्या पिढीचा परदेशी मालावरचा विश्वास निराधार नव्हता, हे मी मान्य करतो. परवान्यांच्या काळात स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे आणि मिळेल ती गाडी गोड मानून घ्यावी लागे. १९८५ च्या आसपास हीरो होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी ही जपानी नावं आली आणि लोकांना फरक डोळ्यांनी दिसला. हीरो होंडाची सीडी १०० थोड्या पेट्रोलमध्ये लांब जाई आणि रोज किक मारून दमवत नसे. त्या काळी इंजिन जपानचं आहे का, हा शहाण्या माणसाचा प्रश्न होता. पण तो प्रश्न आज विचारणारा चाळीस वर्षं झोपलेला आहे. यामाहाच्या आरएक्स १०० चंच बघा. पहिल्या गाड्यांचे भाग जपानहून आले आणि जोडणी इथे एस्कॉर्ट्सने केली, एवढ्या आधारावर आजही एखादा दलाल "जपान पीस आहे" म्हणतो आणि भंगारात निघालेल्या गाडीचे लाख-दीड लाख सांगतो. घेणारा चेसिस नंबरसुद्धा नीट तपासत नाही. त्या गाडीचं उत्पादन १९९६ मध्ये संपलं. तेव्हापासून तिचं बोअर किती वेळा झालं आणि आतला कुठला भाग कुठल्या बाजारातून आणून बसवला, हे विचारायचं सोडून तो देश विचारतो.

एका गाडीचा एकच देश असतो हे तरी कुठे खरं आहे? छोट्या केटीएमवर डब्ल्यूपी नावाचं सस्पेन्शन असतं, ते परवाना घेऊन एन्ड्युरन्स ही आपल्या छत्रपती संभाजीनगरची कंपनी बनवते. त्याच गाडीच्या ब्रेकवर बायब्रे लिहिलेलं असतं, तो इटलीच्या ब्रेम्बोचा इथल्या गाड्यांसाठीचा ब्रँड. आराखड्यावर मॅटिगहोफेनची छाप आहे आणि जोडणी चाकणची. दुसरीकडे बुलेट घ्या. नाव इंग्रजांचं, पण १९५५ पासून ती मद्रासला बनते आणि विलायतेतली मूळ कंपनी १९७० च्या सुमारास बंद पडली. बुलेटला आम्ही बिनदिक्कत आपली म्हणतो, तशीच इथे बनलेली ट्रायम्फ मात्र फॉरेनची. हा फरक कारखान्याने केलेला नाही, जाहिरातीने केला आहे आणि आम्ही त्याचे जादा पैसे मोजतो.

ज्याला गाडी खरोखर लागते तो माणूस या भानगडीत पडत नाही. डिंभ्याच्या पाणलोटापलीकडे, आहुप्याच्या बाजूला पावसाळ्यात रस्ता शेवाळतो, धुक्यात दहा हात पुढचं दिसत नाही. तिथला माणूस मागे हिरड्याची गोणी आणि पुढे पोर घेऊन घोडेगावला येतो. त्याला हवं असतं ते एवढंच की क्लच प्लेट घोडेगावात मिळावी, ती बसवणारा मेकॅनिक लॅपटॉपवाचून काम करणारा असावा आणि गाडी दुसऱ्या दिवशी दाराशी असावी. ओतूर-नारायणगाव पट्ट्यात दुधाचे कॅन लावून पहाटे निघणाऱ्याचंही तेच. सेन्सरसाठी गाडी पुण्याला न्यावी लागली, पंधरा दिवस अडकली, तर तोवरचं दूध डेअरीला कोण घालणार? मालकाच्या दृष्टीने गाडीचा देश एवढाच: तिचा सुटा भाग जिथे मिळतो ती बाजारपेठ.

आता "मेड इन इंडिया" चा झेंडा फडकवणाऱ्यांनाही सांगतो. चाकणचा अभिमान तुम्हाला असेल, तर चाकणच्या कामगाराचाही असू द्या. २०१३ मध्ये बजाजच्या चाकण कारखान्यातले कामगार जून ते ऑगस्ट असे जवळपास पन्नास दिवस संपावर होते. कंपनीचे शेअर एक रुपयाने मिळावेत, ही त्यांच्या मागण्यांतली एक होती. त्या मागणीची तेव्हा चेष्टा झाली. मला ती चेष्टेची वाटली नाही आणि आजही वाटत नाही. जगभर गाड्या पाठवणाऱ्या कारखान्यात स्वतःचा छोटासा वाटा मागणं यात वेडेपणा काय आहे? या औद्योगिक पट्ट्यात आज आयटीआय झालेली पोरं ट्रेनी म्हणून, कंत्राटावर लागतात. मुदत संपली की घरी बसतात आणि पुन्हा दुसऱ्या गेटवर अर्ज घेऊन उभी राहतात. माझ्या घरातला एक मुलगा यातूनच गेला. त्याने ज्या लाइनवर उभं राहून काम केलं, तिथून निघालेली गाडी हप्त्यांवरही घेणं त्याला परवडलं नाही, कारण पगाराची स्लिप कंत्राटदाराची होती आणि बँकेने ती धरली नाही.

म्हणून गाडी घेणाऱ्यांना माझं सांगणं आहे. शोरूममध्ये देश विचारू नका. हा भाग नारायणगावात किती दिवसांत येतो ते विचारा, आणि उत्तर बिलाच्या मागे लिहून मागा. मतं मागायला येणाऱ्यांना विचारा, की चाकणमध्ये आपल्या तालुक्यातली किती पोरं कायम झाली आणि किती कंत्राटावर आहेत. आकडा सांगता येत नसेल, तर तो घेऊन परत यायला सांगा.