सभापती महोदय, आमच्या मताला वाली कोण?

माननीय सभापती,
गोवा विधानसभा, पर्वरी.



हे पत्र मी तुमच्या पदाला उद्देशून लिहिते आहे. त्या आसनावर आज तुम्ही आहात, काल दुसरे होते, उद्या आणखी कोणी असेल. गाऱ्हाणे मात्र जुनेच आहे, आणि ते ऐकण्याचा अधिकार घटनेने सर्वांत आधी तुमच्याकडेच दिला आहे.

२०२७ च्या आरंभी गोव्यात पुन्हा निवडणूक होईल. उमेदवार वाड्यावाड्यांवर फिरू लागतील, आणि आताच घरोघरी एकच वाक्य ऐकू येते : ‘कोणालाही मत घाला, निवडून आल्यावर जायचे तिथे तो जाणारच.’ हे बोलणारी माणसे घरी बसणारी नव्हेत. २०२२ मध्ये आपल्याकडे ७९ टक्क्यांच्या आसपास मतदान झाले. देशात फार थोड्या राज्यांत इतके होते. मतावर श्रद्धा असलेली माणसेच असे बोलू लागली आहेत, म्हणून मला भीती वाटते.

त्या निवडणुकीआधीचा जानेवारी महिना आठवा. २०१७ मध्ये काँग्रेसचे १७ आमदार निवडून आले होते आणि पाच वर्षे सरता सरता त्यांतले २ उरले होते. लोकांचा विश्वास परत मिळवायचा म्हणून पक्षाने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरसाकडे आणि बेतीच्या दर्ग्यात नेले. निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही, अशी शपथ त्यांनी तिन्ही ठिकाणी घेतली. पुढे प्रतिज्ञापत्रेही झाली. देवासमोर घेतलेल्या शपथेला गोव्यात काय वजन आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. जमिनीच्या वादात कोर्टाचा कागद न मानणारी माणसे देवासमोर खोटे बोलायला कचरतात. ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घातल्याशिवाय इथे शुभकार्याला हात लावत नाहीत. त्या शपथेवर विसंबून अनेकांनी मत घातले.

१४ सप्टेंबर २०२२ रोजी काँग्रेसच्या ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले. मतदानाला जेमतेम सात महिने झाले होते. मडगावचे दिगंबर कामत यांनी सांगितले की आपण पुन्हा देवाला विचारले आणि देवाने संमती दिली. माजी मुख्यमंत्र्यांच्या तोंडी हे ऐकताना मला राग आला नाही, लाज वाटली. आमच्या गावात एक तरुण कार्यकर्ता होता. प्रचाराच्या दिवसांत तो पावत्या घेऊन दारोदार फिरला होता, म्हाताऱ्या माणसांना बूथपर्यंत पोहोचवण्यासाठी त्याने स्वतःच्या पैशांनी रिक्षा केल्या होत्या. फूट पडली त्या दिवशी संध्याकाळी तो मासळी बाजारात भेटला. त्याला कोणी टोमणा मारला नाही, जाब विचारला नाही. लोक नेहमीसारखे त्याच्याशी बोलत होते. निवडणुकीचा विषय तेवढा कोणी काढत नव्हते. कोणीतरी भांडले असते तर बरे झाले असते, असे तोच मला नंतर म्हणाला. आता तो कुठल्याच पक्षाचे काम करत नाही.

तुम्ही म्हणाल, मतदारांच्या हाती शिक्षा आहे, त्यांनी ती द्यावी. आम्ही ती दिली आहे, सभापती महोदय. १० जुलै २०१९ रोजी काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी पक्ष बदलला होता. त्या दहांपैकी २०२२ मध्ये पुन्हा विधानसभेत पोहोचले ते फक्त ३. विरोधी पक्षनेतेपद सोडून उपमुख्यमंत्री झालेले चंद्रकांत कवळेकर केप्यात हरले. सांताक्रूझमध्ये लोकांनी आंतोनियो फर्नांडिस यांना पाडले आणि काँग्रेसचे रुडॉल्फ फर्नांडिस यांना निवडले. नुव्यात विल्फ्रेड डिसा यांना घरी बसवले आणि काँग्रेसचे आलेक्स सिक्वेरा यांना पाठवले. पक्ष बदलणाऱ्याला मतपेटीतून याहून स्पष्ट उत्तर कसे द्यायचे?

सप्टेंबरमध्ये गेलेल्या आठांत रुडॉल्फ फर्नांडिस होते आणि आलेक्स सिक्वेराही होते. पुढच्या वर्षी सिक्वेरा मंत्री झाले. सांताक्रूझच्या आणि नुव्याच्या मतदाराने आता कोणाला पाडायचे आणि कोणाच्या भरवशावर? पक्ष बदलणाऱ्याला हरवण्यासाठी घातलेले मतच दुसऱ्या पक्ष बदलणाऱ्याच्या खात्यावर जमा झाले. माझ्या मते गोव्याच्या लोकांचा राजकारणावरून विश्वास उडाला तो इथे. पुढारी वाईट निघाला तर त्याला बदलता येते. बदलण्याचा उपायच हातून गेला तर माणसाने करायचे काय?

पक्ष बदलणारा प्रत्येक जण कारण एकच देतो : मतदारसंघाचा विकास. हे कारण ऐकले की मी अस्वस्थ होते, कारण त्यात फार मोठी कबुली आहे. सत्तेत नसलेल्या आमदाराच्या गावात रस्ता होत नाही, नळाला पाणी येत नाही, मुलांना नोकरी लागत नाही, हेच ते उघडपणे सांगत असतात. तो रस्ता तर सगळ्यांच्या करातून व्हायचा असतो. शिवाय २०२२ मध्ये सरकार अडचणीतही नव्हते. भाजपचे स्वतःचे २० आमदार होते, अपक्षांचा आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा (मगो) पाठिंबा मिळालेला होता. त्या आठांची गरज कोणालाच नव्हती, तरी ते गेले. ४० जागांच्या सभागृहात विरोधी बाकावर मोजकी माणसे उरली. सरकारला प्रश्न विचारायला आम्ही ज्यांना पाठवले, तेच उत्तरे देणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसले.

आता तुमच्या आसनाविषयी. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ मध्ये आला आणि निर्णय सभापतींकडे सोपवला गेला. एकतृतीयांश फुटीची पळवाट २००३ च्या घटनादुरुस्तीने बंद झाली. दोनतृतीयांशांच्या विलीनीकरणाची राहिली. १५ पैकी १०, ११ पैकी ८ : दोन्ही आकडे त्या मापात नेमके बसतात. २०१९ च्या फुटीवरील याचिका सभापतींनी २०२१ मध्ये फेटाळल्या आणि उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. तोवर त्या विधानसभेची मुदत संपत आली होती. २०२२ च्या फुटीविरुद्धच्या याचिकेवर निकाल लागायला जवळपास दोन वर्षे गेली आणि तीही फेटाळली गेली. ती फेटाळणारे तेव्हाचे सभापती रमेश तवडकर आणि त्या आठांपैकी एक दिगंबर कामत या दोघांनी २१ ऑगस्ट २०२५ रोजी एकाच समारंभात मंत्रिपदाची शपथ घेतली. यात काही देवाणघेवाण होती, असा आरोप मी करत नाही, करण्यासारखा पुरावा माझ्याकडे नाही. पण न्याय देणाऱ्याने आणि ज्याच्यावर दावा होता त्याने एका मंचावर शपथ घेतलेली पाहिली की सामान्य माणसाच्या मनात काय येते, ते तुम्ही जाणता.

एका पक्षाला झोडपण्यासाठी मी हे लिहीत नाही. १९९० नंतरचे दशक आठवणाऱ्यांना माहीत आहे, काँग्रेसच्या काळातही आमदार असेच इकडून तिकडे जात आणि सरकारे पडत. एप्रिल १९९४ मध्ये एक मुख्यमंत्री आठवडाभरही टिकले नाहीत. त्या दशकाच्या आरंभीच्या गोंधळातून निघालेल्या रवी नाईक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की राजीनामा न देताही, केवळ वागणुकीवरून, आमदाराने पक्ष सोडला असे मानता येते. देशभर ज्याचा दाखला देतात तो निवाडा गोव्याच्या खटल्यातला आहे.

तुमच्याकडे माझ्या तीन मागण्या आहेत आणि त्यांसाठी दिल्लीच्या तोंडाकडे पाहण्याची गरज नाही. पहिली, तुमच्यापुढची अपात्रतेची कोणतीही याचिका तीन महिन्यांत निकाली काढा आणि सुनावणी खुली ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात हीच मुदत योग्य मानली आणि २०२५ मध्ये तेलंगणच्या सभापतींना तेवढ्याच मुदतीत निर्णय द्यायला सांगितले. दुसरी, तुमच्या पक्षाचे सदस्यत्व सोडा. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाच्या पाचव्या परिच्छेदात सभापतींसाठी तशी सोय मुद्दाम ठेवली आहे. पक्ष सोडला म्हणून तुमची आमदारकी जाणार नाही. नीलम संजीव रेड्डी यांनी १९६७ मध्ये लोकसभेचे सभापती झाल्यावर काँग्रेस सोडली होती, तीही पक्षांतरबंदीचा कायदा येण्याच्या कितीतरी आधी.

तिसरी मागणी सभागृहाविषयीची आहे. अपात्रतेचा निर्णय सभापतींकडून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यावा, असे संसदेला सुचवणारा ठराव गोवा विधानसभेने करावा. संसदेने यावर विचार करावा, असे न्यायालयानेही मणिपूरच्याच निकालात म्हटले आहे. ठराव मांडायला कोणीतरी आमदार पुढे यावा लागेल आणि तो चर्चेला घ्यायचा की नाही, हे तुमच्या हाती आहे. त्यावर मतविभागणी घ्या, म्हणजे कोणी कोणत्या बाजूने हात वर केला हे नोंदीत राहील. २०२७ मध्ये दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आम्ही आधी तेच विचारणार आहोत.

आपली,
गोव्यातील एक मतदार