बापाची फियाट आणि माझा रविवार

जुन्या मोटारी घरच्या घरी दुरुस्त करून चालत्या करणाऱ्या पुरुषांवर रविवारच्या पुरवण्यांतून नेहमी लेख येतात. गाडीचा फोटो, मालकाचा फोटो, आठ-दहा वर्षांच्या चिकाटीची कहाणी. आणि शेवटी एक वाक्य हमखास असतं : ‘पत्नीने समजून घेतलं म्हणूनच हे शक्य झालं.’ मी असा लेख हातात आला की आधी ते वाक्य शोधते. त्यात आठ-दहा वर्षांचे रविवार दडलेले असतात, पण ते कुणाचे, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

आमच्या घरी तो हिशेब मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. वडिलांची प्रीमियर पद्मिनी १९७९ सालची. त्या काळी गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे, त्यामुळे ती आली तेव्हा घरात बाळ आल्यासारखा सोहळा झाला. कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट अकराशेवरून बनलेली ही गाडी : १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला जोडलेला गिअरचा दांडा, चारही चाकांना ड्रम ब्रेक. दर रविवारी वडील बनियनवर बाहेर पडत आणि बॉनेट उघडत. भावाच्या हातात पाना असे, माझ्या हातात बॅटरी. आई आत. दोन वेळा चहा बाहेर येई, जेवण दुपारी तीनपर्यंत झाकून राहत असे आणि ग्रीसचे कपडे सोमवारी रॉकेल लावून, सोडा घालून आईच घासे. त्या कामाला छंद कुणी म्हटलं नाही.

एक मात्र झालं. बॅटरी धरणाऱ्याला सगळं दिसतं! भावाचं लक्ष अर्धं रस्त्यावरच्या क्रिकेटकडे असे. मला मात्र उजेड नेमका कुठे पाडायचा हे कळावं म्हणून बघावंच लागे.

२०११ साली वडील गेले. मृत्युपत्र नव्हतं. दहाव्याच्या आतच गाडीचा विषय निघाला आणि सगळ्यांनी एकमताने ठरवलं की गाडी भावाची. तो ती भंगारात देईल किंवा विकेल, ते त्याने बघावं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. गाडी मुलाची असते, एवढंच गृहीत धरलं होतं. वास्तविक १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या स्वकष्टाच्या मिळकतीत विधवा, मुलगा, मुलगी आणि हयात असेल तर बापाची आई यांचा वाटा सारखा आहे. वडिलोपार्जित मिळकतीसाठी महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये कायदा सुधारला. त्यावर आपण किती सभा घेतल्या, पोस्टरं केली! पण घर आणि जमीन यांपलीकडे आपली नजर जात नाही. मोटारगाडी, मोटारसायकल, हत्यारांची पेटी, शेतावरचा पंप या गोष्टी कुणी वाटपात धरतच नाही. त्या आपोआप मुलाकडे सरकतात. मी म्हटलं, गाडी मला हवी. भाऊ हसला, पण संमतीपत्रावर त्याने आणि आईने सह्या केल्या. मालक मरण पावला तर नाव बदलायला फॉर्म ३१ भरावा लागतो. तो घेऊन खिडकीशी उभी राहिले तेव्हा आतल्या गृहस्थांनी विचारलं, ‘मिस्टर नाही आले?’ कुणाचे मिस्टर आणि कशाला, हे मला अजून कळलेलं नाही.

मग पहिला धडा मिळाला. गाडी झटके देत होती, चढावर दम टाकत होती. एका गॅरेजमध्ये सांगण्यात आलं की इंजिन उतरवून बोअरिंग करावं लागेल, आणि भलामोठा आकडा पुढे आला. टॅक्स्यांची कामं करून निवृत्त झालेले एक मिस्त्री आमच्या गल्लीत राहायचे. ते म्हणाले, ‘ताई, आधी डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढून बघा.’ आतले पॉइंट जळून काळे पडले होते. नवे पॉइंट आणि कंडेन्सर बसवला, फीलर गेजने अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी अशी फट जुळवली, प्लग घासले. गाडी एका चावीत सुरू झाली. खर्च इंजिनच्या कामाच्या पासंगालाही पुरला नसता.

त्यानंतर मी उघडत गेले. कार्ब्युरेटर सोडवून त्याची जेट साफ केली. जमिनीचा पत्रा जिथे सडला होता तिथे आधीच्या कुणीतरी नुसती लांबी भरून वर रंग मारला होता. तो कापून नवा पत्रा वेल्डिंगने लावून घेतला, कारण ते काम घरी होण्यासारखं नाही. ब्रेकचं तेल रंग खातं हे रंग गेल्यावर शिकले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, घोड्या लावायच्या. ड्रममधली धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. आणि पेट्रोलचे रबरी पाइप सगळ्यात आधी बदलायचे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते जुनं रबर खातं. पाइप पाझरला की गरम इंजिनवर आग. ज्या राणीचं नाव या गाडीला दिलं तिची ख्याती जोहाराची. आमची पद्मिनी तरी जळायला नको.

बायकांना यंत्रातलं कळत नाही म्हणणाऱ्यांना मी बेर्टा बेंझची गोष्ट सांगते. मोटारीचं पेटंट १८८६ साली नवऱ्याच्या, कार्ल बेंझच्या नावावर झालं. त्याच्या धंद्यात लग्नाआधीच पैसा घातला होता तो बेर्टाच्या हुंड्यातला. १८८८ च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन ती मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली, तारेला मोज्याच्या पट्ट्याचं आवरण दिलं, वाटेत औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं, ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास आणि पहिली वाटेतली दुरुस्ती, दोन्ही एका बाईने माहेरच्या वाटेवर केली.

आमच्या एका बैठकीत मैत्रिणीने हटकलं. म्हणाली, ‘हे सगळं खात्यापित्या घरच्या बाईचं. गाडी लावायला जागा असणारीचं.’ तिचं खरं आहे, मी ते टाळणार नाही. पण शिवणयंत्र उघडून त्याची शटल साफ करणारी, पट्टा चढवणारी, वेळेवर तेल घालणारी बाई वस्तीवस्तीत आहे. तिला मेकॅनिक कुणी म्हणत नाही, कारण ते घरकाम. तेच हात पाना धरू शकतात. हत्यारांची एक पेटी घ्यावी आणि ती महिला मंडळाच्या खोलीत ठेवावी, असं मी तेव्हा सुचवलं होतं. ढोलकी आणि सतरंजी असते तिथेच. अजून घेतलेली नाही.

मला जास्त बोचला तो दुसरा प्रश्न, आणि तो कुणी विचारलाही नव्हता. मी रविवारी गाडीखाली असताना आत स्वयंपाक कोण करत होतं? तो करायला मी बाई लावली होती. बाकीचे दिवस मी करायची, पण रविवारी ती यायची. एकदा तिने सुट्टी मागितली, मुलीच्या शाळेतला कार्यक्रम होता, आणि मी कपाळाला आठ्या घातल्या. हाताला ग्रीस होतं. त्या क्षणी मी थेट वडिलांसारखी उभी होते, बनियन तेवढं नव्हतं. आईचा रविवार गेला होता म्हणून चरफडणाऱ्या मी दुसऱ्या बाईचा रविवार पैसे देऊन विकत घेतला होता, आणि त्याला माझं स्वातंत्र्य समजत होते.

आता रविवारचा स्वयंपाक नवरा करतो. सुरुवातीला ‘तिखट कुठे आहे’ असं तो खिडकीतून विचारायचा, मी गाडीखालून उत्तर द्यायची. हल्ली विचारत नाही. बाईंचा पगार तोच ठेवला आहे. रविवारी जेवायला चार वाजतात, हे मात्र खरं.

मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर गेली, तेव्हा लोकांनी खूप हळहळ व्यक्त केली. टॅक्स्या कमी होत गेल्या तसे सुटे भाग मिळणंही अवघड झालं. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा कुर्ल्याला शोधावं लागतं. विंटेज म्हणून नोंद करायला २०२१ च्या नियमानुसार गाडी पन्नाशीपुढची लागते. माझी अजून त्या वयाची नाही आणि मला घाईही नाही, कारण तशी नोंद झालेली गाडी रोज वापरता येत नाही. मिरवणुकीत फेटा घालून तिच्यात नुसतं बसायची मला हौस नाही. मला तिच्यातून भाजी आणायची असते.

डाव्या मागच्या चाकाचा सिलिंडर पुन्हा पाझरायला लागला आहे. आतले रबरी कप बदलायचे आणि मग ब्रेकमधली हवा काढायची, त्याला दोन माणसं लागतात : एक पेडल दाबायला, एक खाली निपल सैल करायला. भाची येते म्हणाली आहे. पेडल मी दाबणार, खाली ती जाणार.