सोलापूर–मुंबई: अंतर तेच, वेळ कोणाच्या बळावर घटला?

१/ सोलापूर आणि मुंबई या दोन विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे ३६० किलोमीटर. विमानाला ते कापण्यास तासाभराचा अवधी पुरतो. दिवसाकाठी वीस-पंचवीस किलोमीटर चालणाऱ्या बैलगाडीला हीच मजल गाठण्यास पंधरा-वीस दिवस लागत. या फरकाचे श्रेय सहसा यंत्राच्या वेगाला दिले जाते. ते अपुरे आहे.

२/ १८६० साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापुरास पोहोचली. रूळ होते, इंजिन होते. तरीही मुंबईपर्यंत सलग प्रवास अशक्य होता, कारण खंडाळा आणि खोपोली यांच्यामध्ये बोरघाट उभा होता. उतारूंना घाटमाथ्यावर गाडी सोडून पालखीतून किंवा पायी घाट उतरावा लागे आणि पायथ्याशी दुसरी गाडी धरावी लागे.

३/ २१ एप्रिल १८६३ रोजी घाटातील लोहमार्ग खुला झाला. त्यासाठी पंचवीस बोगदे खोदावे लागले आणि पटकी, ताप व अपघातांत हजारो मजूर दगावले. या मार्गाने पुढे सोलापूरचा कापूस व कापड व्यापार वाढला. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली. गिरणीचा इतिहास लिहिला गेला, मजुरांची नावे मात्र उरली नाहीत.

४/ विमानाच्या बाबतीतही तेच घडले. होटगी रस्त्यावर धावपट्टी होती; पण सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी उड्डाणमार्गात अडथळा ठरली. दीर्घ वादानंतर १५ जून २०२३ रोजी ती पाडण्यात आली. जून २०२५ मध्ये गोव्याची आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची विमानसेवा सुरू झाली.

५/ चिमणी पाडणे योग्य होते की अयोग्य, यावर शहरात आजही दुमत आहे. विमानतळ शहरास हवाच होता, हेही खरे. परंतु नुकसान सोसले ते ऊस उत्पादकांच्या सहकारी संस्थेने. आणि त्या सभासदांपैकी विमानात बसणारे थोडेच असणार.

६/ म्हणून दोन शहरांमधील प्रवासाचा वेळ ही केवळ भूगोलाची बाब नव्हे. वाटेतील सर्वांत अवघड टप्पा तो ठरवतो. आणि तो टप्पा दूर करण्याची किंमत बहुधा प्रवास न करणाऱ्यांकडून वसूल होते.

७/ आजही सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री सोलापुरातून निघून सकाळी मुंबईत पोहोचते. सामान्य सोलापूरकरांसाठी अंतराचे माप तेच आहे. तासाभराच्या विमानप्रवासाचे कौतुक जरूर व्हावे; पण तो तास परवडणाऱ्या तिकिटात आणि नियमित वेळापत्रकात उतरला, तरच किंमत मोजणाऱ्यांचे ऋण काही अंशी फिटेल. इतिहासाच्या अभ्यासकाने ‘किती वेळ वाचला’ यासोबत ‘कोणाचा वाचला आणि कोणाच्या जिवावर’ हेही विचारले पाहिजे.