‘फॉरमॅट मार’ म्हणणाऱ्यांना एक प्रश्न

लोणावळा, कामशेत, वडगाव, आपल्या अभ्यासिकांमध्ये एखादा जुना डेस्कटॉप असतोच, बहुधा कुठल्यातरी ऑफिसने काढून टाकलेला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ अशा जुन्या मशीनवर चालत नाही, म्हणून कार्यकर्ते त्यावर लिनक्स टाकतात. काही महिन्यांनी मशीन रांगायला लागलं की आपलेच लोक म्हणतात, ‘फुकटचं ते असंच असणार!’

ही भाषा आपण ओळखतो. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या पोरांना हीच ऐकवली जाते. जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक २०१७ पासून लिनक्सवरच चालतात, तेव्हा दोष फुकटपणात नाही.

मग मशीन स्लो का? टर्मिनल उघडून ‘टॉप’ कमांड द्या. प्रोसेसरच्या ओळीतला ‘डब्ल्यूए’ हा आकडा सतत चढा असेल, तर प्रोसेसर हार्डडिस्कची वाट बघत बसलाय. मग ‘फ्री’ कमांड द्या. इथे बरेच जण फसतात. ‘फ्री’चा रकाना लहान दिसला की रॅम संपली म्हणतात. लिनक्स रिकामी रॅम मुद्दाम फायली हाताशी ठेवायला वापरतं. बघायचा तो ‘अव्हेलेबल’चा रकाना. तो तळाला गेला असेल आणि स्वॅप भरत असेल, तर कारण सापडलं: ४ जीबी रॅम, ब्राउझरचे पंधरा टॅब, आणि न मावलेला माल फिरत्या हार्डडिस्कवर. टॅब बंद करा, एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप घ्या, जमेल तेव्हा रॅम वाढवा. रॅम पुरेशी असूनही डिस्कच अडवत असेल तर ‘स्मार्टसीटीएल’ने तिची तब्येत तपासा, आधी डेटा काढून घ्या आणि एसएसडी बसवा. झाकणही उघडा, पंख्यात धूळ साचून प्रोसेसर तापला की तो स्वतःच वेग कमी करतो.

दुरुस्तीवाला यातलं काय बघतो? ‘फॉरमॅट मारतो,’ म्हणतो. पैसे घेतो, पोरांच्या जातीच्या दाखल्यांचे, गुणपत्रिकांचे स्कॅन पुसून जातो. डिस्क तीच, रॅम तेवढीच. महाडीबीटीचा शिष्यवृत्ती अर्ज शेवटच्या दिवशी भरणाऱ्या पोराची मुदत हुकते, ती याच डिस्कपायी.

ओपन सोर्सच्या भक्तांनाही सांगायचंय. कोड सर्वांना खुला आहे, हे खरं. चवदार तळंही महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये ठरावाने खुलं केलं होतं. पाण्याला हात लागायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. इथे तर माहितीही बहुतेक इंग्रजीत. आणि एमएस-सीआयटी २००१ पासून चालू आहे, त्यातून लाखो पोरं बटणं दाबायला शिकली. झाकण उघडायला किती शिकली?

जयंतीच्या डीजेच्या बजेटमधून एका एसएसडीचे आणि एका स्क्रू ड्रायव्हरचे पैसे बाजूला काढा. रविवारी मुलामुलींना मशीनभोवती बसवा, ‘टॉप’ने काय दाखवलं ते मराठीत लिहून भिंतीवर चिकटवा. आणि फॉरमॅट मारायला कोणी आलं, तर आधी त्याला तो कागद वाचायला लावा.